वस्तरा द्यायचा तर धार लावून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलं की आमच्या ठाण्यात घरोघरचे माळे खाली उतरतात. पितळी डबे, बंद पडलेले ट्रान्झिस्टर, आजोबांच्या काठ्या निघतात आणि पुष्कळदा त्यात एक घडीचा वस्तराही निघतो. तो घरात कुणालाच चालवता येत नाही. पोराबाळांच्या हाती लागेल म्हणून सगळे धास्तावतात आणि रद्दीबरोबर तोही भंगारात जातो. काही हौशी मंडळी तो काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतात. दोन्ही पाहून माझा जीव तुटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. घरात असा वस्तरा असेल तर तो शिकायची इच्छा असलेल्या तरुणाला द्यावा, ही माझी विनंती आहे. देताना त्याला नीट धार लावावी, बरोबर धार परजायचा चामड्याचा पट्टा द्यावा आणि पहिल्या दाढीला देणाऱ्याने किंवा एखाद्या जाणत्या माणसाने शेजारी उभं राहावं. एवढं होणार नसेल तर नवशिक्याच्या हाती वस्तरा देऊ नये.

माझी ओळख सांगतो. आमचे वडील, अण्णा, यांचं जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय होतं. मी दुकानात बसलो नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. आज तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण आमच्या उमेदीच्या काळात गल्लोगल्ली मशीन शॉप होती आणि पोलादाची नस ओळखणारे कारागीर होते. पोलाद कडक कसं करतात आणि कशाने बिघडतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. तेच पोलाद माणसाच्या गालावरून कसं न्यायचं, हे अण्णांकडून शिकलो. अण्णांच्या पश्चात त्यांची धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, माझ्याकडे आली. तिच्यात वस्तरे, नराणी, चिमटा, पितळी वाटी आणि घामाने काळा पडलेला चामड्याचा पट्टा आहे. माझी दाढी आजही त्यातल्याच एका वस्तऱ्याने होते.

वस्तरा घरांतून कसा गेला, हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, फेकून देता येणाऱ्या पात्याचं यंत्र 1903 साली बाजारात आणलं. पहिल्या वर्षी त्यांची 51 यंत्रं आणि 168 पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तीच यंत्रं मिळाली आणि धार लावायचं काम जगभरच्या घरांतून उठलं. सलूनमध्ये खरा वस्तरा त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. एचआयव्हीची माहिती लोकांपर्यंत पोचली, तेव्हा अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लागू लागलं. तो बदल योग्यच होता. अण्णांनीही तो मनापासून स्वीकारला. गिऱ्हाइकाच्या जिवापेक्षा आपली सवय मोठी नाही, असं ते म्हणत.

आता गंमत अशी झाली आहे की नातवंडांच्या वयाची मुलं वस्तरा मागत येतात. कुणाला पाच-पाच पात्यांच्या कार्ट्रिजचा खर्च परवडत नाही. कुणाला तो प्लास्टिकचा कचरा नको आहे. कुणाच्या मानेवर कातडीखाली केस वळून पुळ्या येतात. काहींना हाताने करायचं एखादं काम नीट शिकावंसं वाटतं, आणि मला तर हेच कारण सगळ्यात जास्त आवडतं. आमच्या इमारतीतला इंजिनीअरिंगला असलेला मुलगा असाच आला. ऑनलाइन मागवलेला नवाकोरा वस्तरा त्याने दाखवला. लाकडी मूठ, वर कोरीव नक्षी, पण धार भाजी चिरण्याच्याही लायकीची नव्हती. "काका, यानं केस कापतच नाहीत, नुसते ओढले जातात," म्हणाला. गालावर दोन ओरखडे होते आणि आपल्याच हाताला जमत नाही, अशी त्याची समजूत झाली होती.

शिकणारा बहुतेक वेळा इथेच सोडून देतो. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त कापतो, कारण केस तुटत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि जोर लावला की पातं कातडीत शिरतं. नवशिक्याला चांगली धार कशी असते हे माहीतच नसतं. दोष पात्याचा की हाताचा, हे तो कसं ठरवणार? म्हणून देणाऱ्याने त्या वस्तऱ्याने आधी स्वतःची दाढी करून बघावी, मग तो धुऊन, निर्जंतुक करून द्यावा. ज्याला हे जमत नाही त्याने जाणत्याकडून धार लावून घ्यावी.

कोणता वस्तरा द्यावा, यावरही बोललं पाहिजे. घरात दोन-तीन असतील तर लोक सगळ्यात वाईट तो देतात, नवशिका आहे, बिघडवेल म्हणून. माझं मत उलट आहे. नवशिक्याला चांगल्यातला आणि सोपा तो द्यावा. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. पाच अष्टमांश म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर रुंदीचं पातं शिकायला उत्तम, कारण ते नाकाखाली आणि हनुवटीच्या वळणावर सहज फिरतं. टोक गोल असावं. चौकोनी किंवा अणकुचीदार टोक कानाच्या पाळीला नाहीतर ओठाच्या कोपऱ्याला हमखास लागतं.

मग पातं तपासायचं. ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा. चांगली धार उजेडात दिसत नाही. जिथे चमकेल तिथे ती बोथट आहे किंवा तिचा टवका उडालेला आहे. पाठीवर गंज असला तर हरकत नाही, पण धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर दगडावर घासताना तिथे नवे टवके निघत राहतात. टाचेपाशी, म्हणजे पातं मुठीला मिळतं त्या बाजूला, केसाएवढी चीर दिसली तर तो वस्तरा वापरातून काढावा. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली आहे का, तेही पाहावं. मूठ शिंगाची, लाकडाची किंवा प्लास्टिकची असते. जुन्या वस्तऱ्यांना कासवाच्या कवचासारखी दिसणारी सेल्युलॉइडची मूठही असते. ती जुनी होऊन नासू लागली की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारचं पातं रातोरात गंजवते. मुठीला आंबूस वास येत असेल, ती चिकट किंवा भेगाळलेली वाटत असेल, तर पातं वेगळं करून नवी मूठ बसवावी.

पोलादाबद्दल एवढं सांगतो की पातं इंग्लंडच्या शेफिल्डचं किंवा जर्मनीच्या सोलिंगनचं निघालं तर जपून ठेवा. शेफिल्डला बेंजामिन हंट्समन यांनी 1740 च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि एकजीव, स्वच्छ पोलाद मिळू लागलं. सोलिंगनच्या नावाला जर्मनीत 1938 साली कायद्याचं संरक्षण मिळालं, कारण नकली शिक्क्यांचा सुळसुळाट झाला होता. आपल्याकडे मात्र शिक्का कुठलाही मारलेला आढळतो. म्हणून शिक्क्यापेक्षा दगडावर पातं कसं लागतं त्यावर भरवसा ठेवावा.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. वस्तरा कृपा करून फिरत्या चाकावर देऊ नका. सायकलला चाक लावून गल्लीत येणारे धारवाले कात्री, सुरी, विळी उत्तम करून देतात. मीही त्यांच्याकडे देतो. वस्तऱ्याचं पातं मात्र पोकळ घासलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेलं असतं. धारेकडे ते इतकं पातळ होत जातं की नखावर हलकेच दाबलं तर लवतं. कोरडं चाक लागलं की ती कडा क्षणात तापते. कडक केलेलं पोलाद साधारण सव्वादोनशे अंशांना फिकट पिवळं पडतं, तीनशेच्या आसपास निळं होतं, आणि निळं झालेलं पातं पुन्हा धार धरत नाही. टूलरूममध्ये आमच्यासमोर कुणी टूल निळं पाडलं तर मिस्त्री ते सरळ स्क्रॅपच्या पेटीत टाकत. वस्तरा निळा पडला की त्याचंही तेच.

उष्णता लागली नाही तरी चाकाने कोन बिघडतो. वस्तऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे. त्याची जाड पाठ हाच त्याचा मापाचा साचा आहे. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवली की धारेचा कोन आपोआप सोळा-सतरा अंशांचा बसतो. माणसाने कोन धरायचाच नाही, फक्त दोन्ही टेकलेली ठेवून हलक्या हाताने पाण्यावर न्यायचं. पाठही बरोबरीने झिजते, म्हणून पिढ्या बदलल्या तरी कोन तोच राहतो. चाकावर पाठ अधांतरी राहते आणि नुसती धार खरवडली जाते.

दगडांचे क्रम असे. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक कणांचा. टवके असतील किंवा धार पार गेलेली असेल तर एक हजारच्या दगडावर पाया घालायचा, म्हणजे दोन्ही बाजू घासून धार नव्याने जुळवायची, मग चार-पाच हजार, मग आठ हजार, आणि जमल्यास बारा हजार. पाया नीट बसला नाही तर पुढचे दगड नुसती चकाकी आणतात. दंडावरचे केस कातडीला न टेकता वरच्यावर उडू लागले की पाया बसला असं समजावं. आठ हजारनंतर चामड्याचा पट्टा आहेच. दगड दुकानात मिळतो तसा सपाट नसतो, तो आधी सपाट करून घ्यावा लागतो. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

आरोग्याचा विचार इथे धारेइतकाच महत्त्वाचा आहे. काविळीचा 'ब' प्रकारचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतो. जुना वस्तरा किती जणांच्या गालांवरून गेला असेल, कुणाला ठाऊक. मी मुठीचं रिव्हेट काढून पातं वेगळं करतो. फटीतला जुना साबण आणि मळ ब्रशने घासून काढतो, मग पातं वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवतो. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि पोलादाचा टेंपर, म्हणजे कडकपणा, त्याच्या बराच वर उतरतो, त्यामुळे पात्याला धोका नसतो. बाहेर काढल्याबरोबर मात्र ते कोरडं करावं लागतं. मूठ उकळू नये. शिंगाची वाकते, सेल्युलॉइडची नासते. ती साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावी. ब्लीचिंगचं पाणी पात्याला लावू नये, ते पोलाद खातं. धार यानंतर लावावी. आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगावं की हा वस्तरा त्याच्या एकट्याचा. हॉस्टेलवरच्या मित्रालासुद्धा द्यायचा नाही.

पट्ट्याशिवाय वस्तरा देणं अर्धवट आहे. प्रत्येक दाढीआधी पातं पट्ट्यावर परजावं लागतं. आधी जाड कापडाच्या बाजूवर वीस-पंचवीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नासेक. पट्टा खिळ्याला अडकवून ताणून धरायचा, सैल सोडला की धार गोलावते. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरूनच उलटायचं. धारेवरून उलटलं की पट्टा कापलाच म्हणून समजा. सगळ्या नवशिक्यांचा पट्टा पहिल्या महिन्यात एकदा तरी कापला जातो, म्हणून सुरुवातीला साधा, स्वस्त पट्टा द्यावा. वेगाची गरज नाही. चित्रपटात दाखवतात तसा सटासट आवाज काढण्यात काही अर्थ नाही. अण्णांचा हात इतका सावकाश चाले की गिऱ्हाईक खुर्चीत पेंगुळलेलं असे.

त्या मुलाला मी कसं शिकवलं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल. रविवारची सकाळ निवडली, कारण कॉलेजची घाई असलेल्या दिवशी हे शिकायचं नसतं. मोबाइल बाहेर ठेवला. बाथरूमची फरशी कोरडी केली. पहिला नियम सांगितला: वस्तरा हातातून सुटला तर झेलायला जायचं नाही, दोन्ही हात वर करून मागे सरकायचं. पात्याचा टवका उडाला तर दगडावर काढता येतो. बोटाची शीर तुटली तर इस्पितळ गाठावं लागतं. हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

गरम पाण्याने तोंड धुऊन दोन-तीन मिनिटं ओला टॉवेल धरायला लावला. केसांनी पाणी धरलं की ते पुष्कळ मऊ होतात. साबणाचा फेस ब्रशने दाट केला. फवाऱ्याच्या डब्यातला फेस मला पसंत नाही, त्यात ओलावा कमी आणि हवा जास्त असते. मग पकड. मूठ मागे वळवून उभी, तीन बोटं पात्याच्या दांड्यावर, अंगठा खालून, करंगळी शेपटीवर. त्याने आधी सुरी धरतात तसा मुठीलाच हात घातला होता. दुसऱ्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढायला लावली. कातडी ताणलेली नसेल तर पात्यापुढे लाट उठते आणि तिथेच कापतं. पाठ गालापासून तिच्याच एक-दोन जाडीइतकी वर, म्हणजे सुमारे तीस अंश. त्याहून जास्त उभं केलं की खरवडतं, अगदी आडवं केलं की केस ओढले जातात.

कल्ल्याच्या खालून गालावर, केसांच्या कलाने, दोन बोटं अंतराचा पहिला हात त्याने मारला. श्वास रोखून धरला होता. "श्वास घे, आवाज ऐक," म्हटलं. धार आणि कोन बरोबर असला की बारीक, सलग कुरकुर ऐकू येते. आवाज बंद पडला की फेस नुसता सरकतो आहे असं समजावं. तिसऱ्या-चौथ्या हाताला त्याला तो आवाज आपोआप सापडला. चेहरा असा उजळला की अण्णा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. पातं कधीही धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवायचं नाही, एवढं त्याला मी बजावत होतो. एक केस जाडीइतकं जरी आडवं सरकलं तरी चीर पडते.

पहिल्या दिवशी दोन्ही गाल, बस्स. उरलेली दाढी नेहमीच्या यंत्राने करायला लावली. लोकांना हे कमीपणाचं वाटतं आणि ते पहिल्याच दिवशी हनुवटीपर्यंत जातात, तिथे रक्त काढतात आणि वस्तरा ड्रॉवरमध्ये टाकतात. गाल सपाट असतात, तिथे हात बसू द्यावा. आठ-पंधरा दिवसांनी जबड्याच्या कडेखाली जावं, मग मान, आणि हनुवटी व मिशांखालचा भाग सगळ्यात शेवटी. मानेवर केस वर, खाली, तिरके उगवतात. आधी बोट फिरवून त्यांची दिशा समजून घ्यावी. सलूनमध्ये कारागीर "उलटा हात मारू का?" विचारतो, तो उलटा हात नवशिक्याने निदान दोन-तीन महिने तरी विसरावा. डाव्या गालाला डावा हात वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावली तर पुढे फार सोपं जातं. दाढी झाल्यावर गार पाणी आणि तुरटी. तुरटी जिथे झोंबते तिथे आपला कोन चुकला होता, हे तीच सांगते.

कुणाला देऊ नये, हेही लिहितो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना, हात थरथरणाऱ्यांना आणि गालावर पिकलेल्या पुटकुळ्या असणाऱ्यांना देऊ नये. लहान मूल असलेल्या घरात कुलपाची जागा असेल तरच द्यावा.

काहीजण म्हणतात, आधी अर्ध्या ब्लेडचा सलूनचा वस्तरा दे, हात बसला की खरा दे. मी सहमत नाही. तो हलका असतो, ब्लेड ताठ असतं आणि चूक अजिबात पोटात घालत नाही. खऱ्या वस्तऱ्याचं वजन हाताला सांगत राहतं की जोर लावू नकोस. शिवाय पट्टा आणि दगड यांची गोडी त्याने लागत नाही. सलूनमध्ये मात्र तोच हवा, याबद्दल दुमत नाही.

आमच्या घरी धारदार वस्तू कुणाच्या हातात देत नाहीत, खाली ठेवतात आणि समोरच्याने उचलायची. मीही वस्तरा पाटावर ठेवला, त्याने उचलला. अण्णांच्या धोकटीतला, पाच अष्टमांश रुंदीचा, गोल टोकाचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. पैसे विचारत होता, घेतले नाहीत. एक अट घातली. त्याचा हात बसला आणि धार लावता येऊ लागली की त्यानेही एका तरी मुलाला शिकवायचं. ऑनलाइन आणलेल्या त्याच्या वस्तऱ्याला आम्ही दोघांनी मिळून दगडावर पाया घातला. पोलाद वाईट नव्हतं, विकणाऱ्याने धार लावायचे कष्ट घेतले नव्हते एवढंच. 'वापरायला तयार' असं लिहून बिनधारेचा वस्तरा विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि गालाशी खेळ आहे, हेही मला इथे नोंदवायचं आहे.

ठाण्यात राहणाऱ्याला पावसाळ्याची गोष्ट सांगावीच लागते. खाडीची हवा आणि चार महिन्यांची ओल या पोलादाला सोसत नाही. वापरल्यावर पातं धुऊन, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावं आणि मुठीच्या फटीतलं पाणी कागदाने टिपावं. मग तासभर उघडं ठेवून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं. खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन बसतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नये, मखमलीच्या किंवा चामड्याच्या पेटीत तर मुळीच नाही, कारण ती ओल धरून ठेवते. अण्णा तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून धोकटीत ठेवत आणि दर खंडेनवमीला सगळी हत्यारं काढून पुसून, हळदकुंकू वाहून पूजेला मांडत. कारखान्यातही आम्ही दसऱ्याला मशीन धुऊन झेंडूच्या माळा घालत होतो. वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार हातात घेऊन बघण्याची ही रीत गंज वेळेत दिसण्यासाठीही फार उपयोगी आहे.

नाभिक समाजातल्या जाणत्या कारागिरांना माझं आणखी एक सांगणं आहे. नौपाडा, चरई, कळवा, कोपरी या भागांत खऱ्या वस्तऱ्यावर हात बसलेली वडीलधारी माणसं अजून आहेत. त्यांची मुलं ब्लेडवर काम करतात, त्यामुळे दगडावरचं ज्ञान त्यांच्याबरोबरच थांबणार आहे. ते ज्ञान चांगल्या मोबदल्याचं आहे. आता मागणारी मुलंही आहेत. वाचकांनी आपल्या गल्लीतल्या अशा कारागिराकडे जावं, धार लावायचे योग्य पैसे द्यावेत आणि मुलाला शेजारी बसवून बघू द्यावं. एखाद्या वाचनालयाने किंवा सोसायटीने आपल्या हॉलमध्ये रविवारची एक सकाळ त्यासाठी दिली तर मी माझे दगड आणि पट्टे घेऊन येईन.

या खंडेनवमीच्या आत ज्या ठाणेकरांच्या घरात वस्तरा निघेल आणि काय करावं ते सुचणार नाही, त्यांनी आपल्या कार्यालयात पत्र टाकावं, मी तिथून घेईन. वस्तरा बघून, तो वापरण्याजोगा असेल तर मोफत धार लावून देईन आणि शिकणारं कुणी नसेल तर शोधूनही देईन. तोवर त्याला पॉलिश पेपर, लिंबू किंवा चाक काहीही लावू नये. कोरड्या कापडाने पुसून, तेलाचं बोट फिरवून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
चरई, ठाणे (पश्चिम)